तेजोमेघ : एका संज्ञेची दोन हजार वर्षे

एडविन हबल यांचे ‘द रेल्म ऑफ द नेब्युली’ हे पुस्तक १९३६ साली निघाले. नाव वाचून, मृग नक्षत्रातल्या प्रसिद्ध तेजोमेघाची माहिती मिळेल या आशेने आज कोणी ते उघडले, तर त्याच्या पदरी फारसे काही पडणार नाही. पुस्तक आहे दीर्घिकांविषयी, म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या तारकाविश्वांविषयी. देवयानीतला अंधुक डाग हे ताऱ्यांचे स्वतंत्र विश्व आहे, हे ज्या माणसाने सिद्ध केले तोच माणूस त्यानंतर दहा-बारा वर्षांनीही त्याला ‘नेब्युला’च म्हणत होता. हार्लो शॅप्ली ‘गॅलॅक्सी’ या शब्दाचा आग्रह धरत होते. हबल मात्र जुन्या शब्दाला चिकटून राहिले.

यात हबल यांचा हट्ट असेलही. पण त्यांच्यापाशी त्या शब्दाचा जो वारसा आला होता, तोच मुळात असा गुंतागुंतीचा होता. नेब्युला, तेजोमेघ, अभ्रिका, काहीही म्हणा, ही संज्ञा जन्मली ती एखाद्या पदार्थाचे नाव म्हणून नव्हे. आकाशात जे ठिपक्यासारखे टोकदार न दिसता धूसर दिसले, त्या दिसण्याचे ते नाव होते. पुढच्या दोन हजार वर्षांत नजर जसजशी तीक्ष्ण होत गेली, तसतशी एकेक वस्तू या नावातून बाहेर पडत गेली, आणि शेवटी जे उरले ते खरोखरच ढग निघाले. हा योगायोग मला खगोलशास्त्राच्या इतिहासातल्या सर्वांत विलक्षण योगायोगांपैकी एक वाटतो.

लॅटिनमध्ये ‘नेब्युला’ म्हणजे धुके, विरळ ढग. ग्रीक ‘नेफेले’ हा त्याचाच भाऊबंद, जर्मन ‘नेबेल’ही तसाच, आणि आपले ‘नभ’ही त्याच कुळातले. ‘नभस्’ या शब्दाचा जुना अर्थ धुके, वाफ, ढग असाच होता. आकाश हा अर्थ नंतर रुळला. ‘अभ्र’ हा शब्दही त्याच मुळाशी जाऊन पोचतो. म्हणजे मराठी विश्वकोशाने ‘अभ्रिका’ हा पर्याय वापरला तेव्हा लॅटिन शब्दाचा दूरचा सगाच आपल्याकडे आला. बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत मात्र ‘तेजोमेघ’ जास्त चालतो. तो कानाला गोड आहे, चित्रदर्शीही आहे. त्याची एक अडचण आहे, ती पुढे येईलच.

दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने हजाराहून अधिक ताऱ्यांची सूची केली. तीत काही मोजक्या ताऱ्यांपुढे त्याने ‘ढगाळ’ असा शेरा मारला. त्यांपैकी एक ठिकाण आपल्या चांगल्याच ओळखीचे आहे: कर्क राशीतला, पुष्य नक्षत्राच्या ताऱ्यांलगतचा पुंजका. अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना तो पांढुरक्या फुंकरीसारखा दिसतो. ९६४ साली इस्फहानच्या अब्द अल-रहमान अल-सूफी याने आपल्या स्थिर ताऱ्यांच्या ग्रंथात देवयानीतल्या ‘छोट्या ढगा’ची नोंद केली. दुर्बिणीआधीच्या जगात धूसर गोष्टींचा हिशेब एवढाच होता, आणि तो ठेवणाऱ्यांना त्या नेमक्या काय आहेत हे ठरवण्याचे काही साधनही नव्हते.

गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बीण पुष्याजवळच्या त्या पुंजक्यावर रोखली आणि चाळीसहून अधिक बारीक तारे मोजले. ढग नाहीसा झाला. मृगाच्या डोक्याजवळचा ‘ढगाळ तारा’ही असाच ताऱ्यांत विखुरला. यातून जो निष्कर्ष निघाला तो सरळ होता आणि पुढची अडीचशे वर्षे खगोलशास्त्राला पछाडणारा ठरला: धूसर दिसते ते सारे तारेच, आपली दुर्बीण कमी पडते, इतकेच. त्याच वर्षी फ्रान्समध्ये निकोला-क्लोद फाब्री द पेरेस्क यांना मृगाच्या कमरेच्या तीन ताऱ्यांखाली एक तेजाळ धुके दिसले. हाच आजचा मृगातला महान तेजोमेघ. तो मात्र कोणत्याही दुर्बिणीत ताऱ्यांत सुटेना. १६१२ मध्ये सायमन मारियुस यांनी देवयानीतल्या डागाचे वर्णन करताना शिंगाच्या पातळ पापुद्र्याआडून दिसणाऱ्या मेणबत्तीच्या उजेडाची उपमा दिली. तोही सुटेना.

अठराव्या शतकात शार्ल मेसिए यांनी अशा वस्तूंची यादी केली ती त्यांच्यावरच्या प्रेमापोटी नव्हे. त्यांना धूमकेतू शोधायचे होते आणि हे धूसर डाग त्यांना फसवत होते. १७५८ मध्ये वृषभ राशीत असा एक डाग त्यांना आढळला. तो जागचा हलेना, म्हणून यादीत त्याला पहिला क्रमांक मिळाला. तो क्रॅब तेजोमेघ, १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदलेल्या ‘पाहुण्या ताऱ्या’चा अवशेष. १७८१ पर्यंत त्यांच्या छापील यादीत १०३ नोंदी झाल्या. तीत तारकागुच्छ होते, वायूचे ढग होते, दीर्घिका होत्या, मेलेल्या ताऱ्यांची कवचे होती. दिसायला सारखे एवढा एकच निकष होता. आजही हौशी निरीक्षक एका रात्रीत ही सारी यादी पाहण्याची शर्यत लावतात, आणि सृष्टीच्या चार अगदी वेगळ्या प्रकरणांतून फिरून येतात.

विल्यम हर्शेल आणि त्यांची बहीण कॅरोलाइन यांनी इंग्लंडमधून अशा सुमारे अडीच हजार वस्तू नोंदल्या. विल्यम तारे ‘सोडवण्या’त इतके पटाईत होते की सुरुवातीला सगळेच तेजोमेघ सुटतील असे त्यांना वाटे. १७८० च्या दशकात त्यांना काही गोल, फिकट बिंबे दिसली. आपण स्वतः शोधलेल्या युरेनसच्या बिंबाशी त्यांचे साम्य वाटून त्यांनी त्यांना ‘ग्रहीय तेजोमेघ’ म्हटले. ग्रहांशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. सूर्यासारखा तारा मरताना आपले बाहेरचे थर झटकतो, त्याचे ते कवच असते. नाव चुकीचे, तरी सव्वादोनशे वर्षे टिकले आहे.

मग आली १३ नोव्हेंबर १७९०ची रात्र. वृषभ राशीत हर्शेलना एक तारा दिसला, आणि त्याच्याभोवती बरोबर मध्यावर धरलेले धूसर तेज. तारा त्या तेजाच्या केंद्रात होता, म्हणजे दोघांचा संबंध उघड होता. आता धुके जर दूरच्या असंख्य ताऱ्यांचे असेल, तर मधला तारा कल्पनेपलीकडे प्रचंड असायला हवा. तो जर नेहमीचा तारा असेल, तर भोवतीचे धुके तारे असूच शकत नाही. त्यांनी दुसरा पर्याय स्वीकारला: अवकाशात स्वयंप्रकाशी असा काही ‘द्रव’ आहे. आयुष्यभर जपलेले मत एका निरीक्षणापुढे सोडून देणारा हा माणूस मला त्याच्या प्रचंड दुर्बिणींपेक्षा मोठा वाटतो.

पण वाद मिटला नाही. १७९६ मध्ये लाप्लास यांनी सूर्यमाला फिरत्या, आकुंचन पावणाऱ्या वायुमेघातून घडल्याची कल्पना मांडली होती. आकाशात खरे वायुमेघ असतील तर या कल्पनेला बळ. नसतील तर ती हवेत. १८४५ मध्ये आयर्लंडमधल्या पार्सन्सटाउनच्या लॉर्ड रॉस यांच्या ७२ इंची आरशातून काही तेजोमेघांची चक्राकार रचना दिसली. लवकरच मृगाचा तेजोमेघही ताऱ्यांत सुटल्याचे जाहीर झाले, आणि लाप्लासच्या मताला वाईट दिवस आले. ते सुटणे आभासी होते. ज्याला जे पाहायचे होते ते सीमारेषेवरच्या दुर्बिणीने दाखवले.

हा गुंता दुर्बिणीने सुटणारच नव्हता. तो सोडवला वर्णपटाने. २९ ऑगस्ट १८६४ च्या संध्याकाळी लंडनच्या टल्स हिल भागातल्या घरच्या वेधशाळेतून विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका ग्रहीय तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला. ताऱ्याचा प्रकाश असता तर रंगांचा सलग पट्टा दिसला असता. दिसली एकच तेजस्वी रेष. आधी त्यांना लोलक हलल्याची शंका आली. मग कळले की प्रकाशच एका रंगाचा आहे, आणि असा प्रकाश फक्त तापलेला विरळ वायू देतो. एका क्षणात दोन शतकांचा प्रश्न निकाली निघाला: काही तेजोमेघ खरोखर वायू आहेत. पाठोपाठ मृगातल्या तेजोमेघानेही हीच साक्ष दिली. उलट देवयानीतल्या डागाने ताऱ्यांसारखा सलग पट्टा दाखवला. शब्द तिथेच मनातल्या मनात दुभंगला होता. उघडपणे तुटायला आणखी साठ वर्षे लागली.

हगिन्सच्या त्या मुख्य हिरव्या रेषेचे काय? तिच्याशेजारी दिसलेल्या फिकट रेषांपैकी हायड्रोजनची एक ओळखता आली, पण सर्वांत तेजस्वी रेष पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेना. आणि या वादात पुण्याने भाग घेतला होता, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही याची मला मनापासून हळहळ वाटते. १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिचे प्रमुख होते पदार्थविज्ञानाचे अध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. त्यांच्या हाती आलेली २० इंची परावर्तक दुर्बीण पुढे कित्येक दशके भारतातली सर्वांत मोठी दुर्बीण होती. त्या काळी नॉर्मन लॉकियर यांचे म्हणणे असे होते की तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, आणि ती हिरवी रेष म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड. तसे असेल तर ती एका बाजूला पुसट होत जायला हवी. नायगमवाला यांनी पुण्यातून मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला आणि १८९१ मध्ये कळवले की रेष दोन्ही बाजूंनी स्वच्छ आणि धारदार आहे. लॉकियर हे ‘नेचर’चे संस्थापक-संपादक, त्या काळच्या वर्णपटशास्त्रातले मोठे नाव. त्यांच्या मताविरुद्ध जाणारे निरीक्षण पुण्याच्या एका अध्यापकाने निर्भीडपणे नोंदवले. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांची अचूक मापेही लॉकियर यांच्या विरुद्धच गेली. हेच लॉकियर १८९८ मध्ये खग्रास सूर्यग्रहणासाठी विजयदुर्गला येऊन राहिले होते. नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. महाराष्ट्राने त्या परंपरेची जपणूक करायला हवी होती, असे मला ठामपणे वाटते.

सूर्याच्या प्रकाशात एका अनोळखी रेषेवरून हेलियम कल्पिला गेला आणि १८९५ मध्ये तो पृथ्वीवर सापडला. त्याच धर्तीवर या हिरव्या रेषेच्या कर्त्यालाही नाव मिळाले: ‘नेब्युलियम’. मार्गारेट हगिन्स यांनी १८९८ मध्ये ते छापील स्वरूपात सुचवले. पण आवर्तसारणीतल्या जागा भरत गेल्या आणि नेब्युलियमला जागाच उरली नाही. १९२७ मध्ये इरा बोवेन यांनी कोडे सोडवले. ती रेष होती आपल्या परिचयाच्या ऑक्सिजनची, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. या अवस्थेतला अणू तो प्रकाश सोडण्यापूर्वी सरासरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास थांबतो. पृथ्वीवरच्या वायूत तेवढ्या वेळात त्याला असंख्य धक्के बसतात आणि ऊर्जा दुसरीकडेच जाते. तेजोमेघात धक्का द्यायला जवळपास कोणी नसते, म्हणून तो निवांतपणे उजळतो. आपण श्वास घेतो त्या हवेत दर घनसेंटिमीटरला सुमारे २५ अब्ज अब्ज रेणू असतात. मृगातल्या तेजोमेघात तेवढ्याच जागेत काही हजार कण. प्रयोगशाळेतल्या साध्या निर्वाताहूनही तो कितीतरी विरळ. तरी त्याची रुंदी सुमारे २४ प्रकाशवर्षे असल्यामुळे १३०० प्रकाशवर्षांवरूनही आपल्याला ‘ढग’ दिसतो.

हा झाला स्वतः उजळणारा ढग. दुसरा प्रकार उलगडला तो कृत्तिकांमध्ये. १९१२ मध्ये फ्लॅगस्टाफच्या लोवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी कृत्तिकांभोवतीच्या निळसर धुक्याचा वर्णपट घेतला, तर तो जवळच्या ताऱ्याचीच हुबेहूब नक्कल होता. हा ढग स्वतः उजळत नाही. त्यातली धूळ ताऱ्याचा प्रकाश विखुरते. आज आपल्याला माहीत आहे की हे धुके कृत्तिकांच्या जन्माचे उरलेसुरले द्रव्यही नाही. तारे आपल्या वाटेने जात असताना वाटेत आलेला तो एक परका ढग आहे.

आणि तिसरा प्रकार, ज्याला ‘तेजोमेघ’ म्हणणे शब्दाशीच भांडण आहे: काळा ढग. हर्शेल यांना वृश्चिकाजवळ ताऱ्यांनी ओसाड जागा दिसली, ती त्यांना आकाशातले भोक वाटली. एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांनी आकाशगंगेची असंख्य छायाचित्रे घेतली आणि १९१९ मध्ये अशा १८२ काळ्या खुणांची सूची छापली. त्यांतल्या बऱ्याच खुणा पोकळ्या नसून पलीकडचे तारे झाकणारे ढग असावेत, हे त्यांना फार सावकाश पटत गेले. अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषकांना हे पटवावे लागले नसते. आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांना ते ‘याना फुयू’, काळे ढग, म्हणतात आणि त्यांत लामा, साप, बेडूक पाहतात. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा आकाशातला एमू पक्षीही असाच काळोखाचा. त्याचे डोके त्रिशंकूलगतच्या कोलसॅक नावाच्या काळ्या ढगात आहे. पाश्चात्त्य परंपरेने ताऱ्यांना रेषांनी जोडून आकृत्या केल्या. दक्षिणेकडच्या लोकांनी ताऱ्यांमधल्या अंधाराला आकार दिला. ढग ओळखण्याच्या बाबतीत ते पुढे होते, हे नि:संकोच मान्य करायला हवे.

दरम्यान देवयानी वेगळी झाली. २६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनला असे डाग आकाशगंगेतले की तिच्याबाहेरचे यावर शॅप्ली आणि हीबर कर्टिस यांचा गाजलेला वाद झाला, पण निकाल लागला तो ऑक्टोबर १९२३ मध्ये हबल यांनी माउंट विल्सनवरून घेतलेल्या छायाचित्राने. त्यात सापडलेल्या स्पंदनशील ताऱ्यावरून अंतर निघाले सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. आजचा आकडा पंचवीस लाखांचा आहे, पण तेवढेही आकाशगंगेच्या हद्दीबाहेर जायला पुरेसे होते. आधी तारकागुच्छ गळाले, आता दीर्घिका गळाल्या. शब्दात उरले ते ताऱ्यांच्या दरम्यान पसरलेले वायू आणि धूळ.

पुढचा भाग दृश्य प्रकाशाच्या पलीकडचा आहे आणि तिथे संज्ञेचे केंद्रच सरकले. १९५१ मध्ये हायड्रोजनच्या अणूंचे २१ सेंटिमीटर लांबीचे रेडिओतरंग टिपले गेले. नारायणगावजवळच्या खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आज याच तरंगांच्या मागावर असतात. १९७० मध्ये रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेन्झियास यांनी मृगात कार्बन मोनॉक्साइडचा संदेश पकडला. थंड हायड्रोजनचे रेणू स्वतः जवळपास मुके असतात, म्हणून त्यांच्यासोबत असलेला हा दुसरा रेणू त्यांचा पत्ता सांगतो. त्यातून कळले की मृगातला तो देखणा तेजोमेघ म्हणजे प्रचंड काळ्या रेणुमेघाच्या आपल्याकडच्या पृष्ठभागावर आलेला जणू एक फोड. आतल्या तरुण, तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी तेवढाच भाग उजळला आहे. मूळ मेघात लाखाच्या आसपास सूर्य घडतील इतके द्रव्य आहे आणि त्याच्या बऱ्याचशा भागाचे तापमान निरपेक्ष शून्यापेक्षा दहा-वीस अंशच वर. तारे जन्मतात ते तिथे, अंधारात. बर्नार्ड ६८ नावाचा छोटा काळा मेघ दृश्य प्रकाशात निव्वळ भोक दिसतो. अवरक्त प्रकाशात पाहिले की त्याच्याआडचे तारे दिसू लागतात.

म्हणून आजच्या वापराबद्दल माझे मत असे आहे. ‘तेजोमेघ’ हा शब्द जो ढग उजळलेला दिसतो त्याच्यापुरता ठेवावा. काळ्या-उजळ साऱ्यांना मिळून ‘अभ्रिका’ म्हणावे. आणि तारे घडवणाऱ्या थंड मेघांना ‘रेणुमेघ’. कारण आजही एकाच शब्दाखाली मृगासारखे जन्मस्थान, क्रॅबसारखा सेकंदाला सुमारे पंधराशे किलोमीटर वेगाने पसरणारा स्फोटाचा अवशेष आणि स्वरमंडळातल्या कंकणासारखे मरत्या ताऱ्याचे कवच एकत्र बसतात. पाठ्यपुस्तकात ‘तेजोमेघात तारे जन्मतात’ एवढेच वाक्य वाचलेल्या मुलाला क्रॅबचे चित्र दाखवले की तो गोंधळतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

आपला सूर्यही सध्या अशाच एका ढगातून किंवा त्याच्या कडेवरून चालला आहे. सुमारे तीस प्रकाशवर्षे पसरलेल्या या स्थानिक आंतरतारकीय मेघात दर घनसेंटिमीटरला सरासरी एक अणूसुद्धा नाही, पण त्याचे तापमान सहा-सात हजार अंश आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये व्हॉयेजर १ यान सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांच्या दरम्यानच्या द्रव्यात शिरले, नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हॉयेजर २ शिरले, आणि तिथल्या कणांची मोजमापे त्यांनी पृथ्वीवर पाठवली. मानवनिर्मित वस्तूने आत शिरून मोजलेले हे पहिलेच आंतरतारकीय द्रव्य. या मेघाला कोणी तेजोमेघ म्हणत नाही, कारण आत उभे राहून पाहणाऱ्याला तो मुळीच धूसर दिसत नाही.